शेखाडी ते देवनार

दिवेआगरहून श्रीवर्धनकडे किनाऱ्याने जाणारा रस्ता शेखाडीपाशी समुद्राला अगदी खेटून जातो. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला काळे खडक, आणि उधाणाला लाटेचे तुषार थेट रस्त्यावर. पर्यटक इथे थांबतात, फोटो काढतात आणि हरिहरेश्वरच्या वाटेला लागतात. गाव लहान आणि देखणे आहे. देशाच्या फौजदारी इतिहासात मात्र त्याचे नाव वेगळ्याच कारणाने नोंदले गेले. १९९३ च्या फेब्रुवारीत रात्रीच्या अंधारात याच किनाऱ्यावर आरडीएक्स उतरवले गेले. त्याआधी जानेवारीत दिघीला शस्त्रांचा साठा उतरला होता. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत एकामागून एक स्फोट झाले आणि २५७ माणसे गेली.

या साऱ्या प्रकरणातला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग मला स्फोटांच्या आधीचा वाटतो. किनाऱ्यावर कस्टमची चौकी होती, पोलीस ठाणे होते, रस्त्यावर नाकाबंदीही होती. दिघीच्या त्या जानेवारीच्या रात्री गोंडघर फाट्यावर पोलिसांनी वाहने अडवलीही होती. पैशांची बोली झाली आणि वाहने सुटली. पुढे टाडा न्यायालयात स्फोट घडवणाऱ्यांबरोबर कस्टमचे अधिकारी आणि पोलीसही आरोपी म्हणून उभे राहिले आणि दोषी ठरले. २००६ मध्ये निकाल सुरू झाला. १२३ आरोपींपैकी १०० दोषी ठरले. सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल आला २१ मार्च २०१३ रोजी, म्हणजे स्फोटांनंतर वीस वर्षांनी.

कायदा जागेवर होता, माणसे विकली गेली. मग माणसे का विकली जातात, कोणत्या व्यवस्थेत विकली जातात, त्यांच्यावर नजर कोणी ठेवायची, खटल्याला इतकी वर्षे का लागतात, आणि त्या वर्षांत तुरुंगात बसलेल्यांचे, मृतांच्या घरच्यांचे काय होते? या प्रश्नांचा पद्धतशीर अभ्यास करणारी एक विद्याशाखा आहे. तिची पदव्युत्तर पदवी रायगडच्या किनाऱ्यापासून एका एसटीच्या आणि एका लोकलच्या अंतरावर, गोवंडीजवळच्या देवनारला, टाटा समाजविज्ञान संस्थेत मिळते. रायगडच्या मुलामुलींनी त्या वर्गात जाऊन बसावे असे मला मनापासून वाटते. हा लेख त्यासाठी आहे.

साखळीचे शास्त्र

घरात मुलीने ‘क्रिमिनॉलॉजी शिकायचंय’ म्हटले, की पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘म्हणजे पोलिसात जाणार का गं?’ दुसरा प्रश्न आजीचा. ‘चोर-दरोडेखोरांचं शिकून आपल्याला काय करायचंय, बाय?’ दोन्ही प्रश्नांमागे काळजी आहे, म्हणून दोन्हींना नीट उत्तर द्यायला हवे.

या विद्येची दोन अंगे आहेत. गुन्हा का घडतो, कोण करतो, समाज कशाला गुन्हा म्हणतो, याचा अभ्यास म्हणजे गुन्हेशास्त्र. गुन्हा घडल्यानंतर पोलीस ठाणे, न्यायालय, तुरुंग आणि पुन्हा घर या वाटेवर काय काय घडते, याचा अभ्यास म्हणजे फौजदारी न्यायव्यवस्थेचा अभ्यास. पहिले अंग समाजशास्त्र आणि मानसशास्त्राच्या जवळचे, दुसरे कायदा आणि प्रशासनाच्या जवळचे. न्यायवैद्यक म्हणजे फॉरेन्सिक ही तिसरीच शाखा. तिला प्रयोगशाळा लागते आणि बहुधा विज्ञानाची पदवी लागते. दूरचित्रवाणीवरच्या मालिका पाहून या तिन्हींची सरमिसळ होते आणि अर्ज चुकीच्या ठिकाणी जातात.

अमेरिकेत या विषयाचा मोठा विस्तार १९६० च्या दशकाच्या शेवटी झाला. राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला, पुढच्याच वर्षी कायदा झाला, आणि पोलिसांनी महाविद्यालयात जाऊन शिकावे म्हणून सरकारी पैसा ओतला गेला. त्या पैशाच्या बळावर गावोगावच्या महाविद्यालयांत ‘क्रिमिनल जस्टिस’ विभाग उभे राहिले. आपल्याकडे सागर विद्यापीठात १९५९ मध्ये गुन्हेशास्त्र आणि न्यायवैद्यकाचा विभाग सुरू झाला, मद्रास विद्यापीठातही या विषयाची जुनी परंपरा आहे. महाराष्ट्रात मात्र हा विषय वाढला तो समाजकार्याच्या अंगाने. टाटा समाजविज्ञान संस्थेची सुरुवात १९३६ मध्ये भायखळ्याजवळच्या नागपाड्यात, कष्टकऱ्यांच्या वस्तीत झाली. १९५४ मध्ये ती देवनारला आली, १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

समाजकार्याच्या अंगाने वाढल्यामुळे इथल्या अभ्यासाला एक वेगळे वळण मिळाले. पोलीस अधिक कार्यक्षम कसे होतील हा प्रश्न इथे आहेच. त्याच्या आधी दुसरा प्रश्न येतो. पकडलेल्या माणसाच्या बाजूला कोण बसले आहे?

या प्रश्नाला महाराष्ट्रात एका मराठी पत्रकार बाईने सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले. शीला बारसे यांनी मे १९८२ मध्ये मुंबईत पंधरा महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांनी न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने ते पत्रच याचिका मानले, आणि तुरुंगात जाऊन या बायकांशी बोलून अहवाल द्यायचे काम निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालक डॉ. ए. आर. देसाई यांच्यावर सोपवले. १५ फेब्रुवारी १९८३ च्या निकालात महिलांसाठी वेगळी कोठडी, तिच्यावर महिला शिपाई, अटक होताच नातेवाइकांना आणि विधी साहाय्य समितीला खबर, असे आदेश आले. बंद दाराआड कोणाशी कसे बोलायचे, हे समाजकार्य शिकलेल्या बाईला ठाऊक असेल असा विश्वास देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने दाखवला. आजीच्या प्रश्नाचे उत्तर त्या विश्वासात आहे.

अर्जाची वाट

आता व्यवहाराचे बोलू. देवनारला समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणात ‘क्रिमिनॉलॉजी अँड जस्टिस’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालत आला आहे. त्यासाठी विशिष्ट शाखेची पदवी लागत नाही. कला, वाणिज्य, विज्ञान, कोणत्याही शाखेच्या पदवीधराला वाट खुली आहे. पूर्वी संस्थेची स्वतःची प्रवेश परीक्षा असे. २०२३ पासून देशभराच्या विद्यापीठांसाठी होणाऱ्या सीयूईटी-पीजी या सामायिक परीक्षेतून पहिली चाळणी होते. ही परीक्षा संगणकावर होते, ७५ बहुपर्यायी प्रश्न असतात, आणि प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीत असते.

इथे पहिली ठेच लागते. अनेक विद्यार्थी सीयूईटीचा अर्ज भरतात आणि काम झाले असे समजतात. परीक्षेचा अर्ज वेगळा आणि संस्थेचा अर्ज वेगळा. दुसरा भरला नाही तर पहिल्यातले गुण कितीही असोत, दार उघडत नाही. कोणता पेपर निवडायचा आणि अभ्यासक्रमाचे त्या वर्षीचे नाव व नियम काय, हे संस्थेच्या माहितीपत्रकात पाहूनच ठरवावे. हे नियम गेल्या काही वर्षांत वारंवार बदलले आहेत, त्यामुळे दोन वर्षांपूर्वी शिकलेल्या ताईच्या आठवणीवर विसंबू नये.

दुसरी ठेच कागदांची. ओबीसी विद्यार्थ्यांना राज्याच्या नमुन्यातले नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र इथे चालत नाही, केंद्र सरकारच्या नमुन्यातले आणि ताजे लागते. सेतू केंद्रात, तहसील कार्यालयात ते मिळायला वेळ जातो. मुरूड किंवा म्हसळ्याहून तीन चकरा मारण्यापेक्षा परीक्षेचा अर्ज भरतानाच हे काम हाती घ्यावे. शिष्यवृत्तीचाही हिशेब आधीच मांडावा. वसतिगृह, खानावळ आणि शुल्क मिळून हा खर्च किनाऱ्यावरच्या साध्या घराला जड जातो. २०१८ च्या फेब्रुवारीत शिष्यवृत्तीधारकांच्या शुल्कसवलतीच्या प्रश्नावरच देवनारच्या विद्यार्थ्यांनी मोठा संप केला होता. पैशाचे विचारायला लाजू नये.

तिसरी ठेच भाषेची, आणि ती सर्वांत खोल लागते. मराठी माध्यमातून शिकलेला मुलगा इंग्रजी वर्गात पहिले सहा महिने गप्प बसतो. त्याला वाटते आपल्याला येत नाही. पण क्षेत्रकार्य सुरू झाले की चित्र पालटते. मुंबईच्या तुरुंगात, बालगृहात, पोलीस ठाण्यात कामाची भाषा मराठी आणि हिंदी असते. फिर्याद मराठीत, पंचनामा मराठीत, रडणेही बहुधा मराठीतच. ज्याला पंचनाम्याची मराठी सहज वाचता येते, त्याच्या हाती वर्गातल्या कोणाहीपेक्षा मोठे हत्यार आहे. इंग्रजी दोन वर्षांत सुधारते. माणसाशी बोलण्याची हातोटी दोन वर्षांत येत नाही.

चौथी गोष्ट मुलाखतीची. ‘मला समाजसेवेची आवड आहे’ हे वाक्य तिथे रोज शंभरदा ऐकू येते. रायगडच्या किनाऱ्यावरच्या उमेदवाराजवळ याहून कितीतरी ठोस काही असते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांत खलाशी काय करतात? एलईडी दिव्यांच्या मासेमारीला बंदी असताना ती का चालते, पकडला जातो तो खलाशी की नौकामालक? वीटभट्टीवर आणि कोळसाभट्टीवर स्थलांतर करणारे कातकरी कुटुंब पोलीस ठाण्यात गेले तर त्यांची तक्रार कशी ऐकली जाते? आपल्या गावात वाळीत टाकलेले घर आहे का? महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. अशी वाळीत टाकण्याची प्रकरणे रायगडच्या गावकीतून वारंवार पुढे आली होती. हे प्रश्न ज्याने डोळ्यांनी पाहिले आहेत, त्याने ते तसेच सांगावेत. पाठ केलेल्या उत्तरापेक्षा पाहिलेली गोष्ट कधीही वजनदार.

देवनार हा एकच रस्ता नाही. कायद्याची पदवी असेल तर मुंबई विद्यापीठात किंवा राष्ट्रीय विधी विद्यापीठांत एलएल.एम. करून फौजदारी कायद्याकडे वळता येते. अलिबागला अॅड. दत्ता पाटील यांच्या नावाचे विधी महाविद्यालय आहे, म्हणजे पहिली पायरी घराजवळही चढता येते. नोकरी सांभाळून शिकायचे असेल तर इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची फौजदारी न्याय विषयातली पदव्युत्तर पदविका आहे. विज्ञानाच्या पदवीधरांसाठी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय न्यायवैद्यक संस्था आणि गांधीनगरचे राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ आहे. कोणता रस्ता धरायचा हे एका प्रश्नावर ठरते. तुम्हाला पुराव्याबरोबर काम करायचे आहे, कायद्याच्या कलमाबरोबर, की माणसाबरोबर?

हिराकोटाच्या भिंतीआड

अलिबागला तलावापाशी उभे राहिले की हिराकोट दिसतो. कान्होजी आंग्र्यांनी १७२० मध्ये बांधलेला हा भुईकोट. प्रचंड काळे चिरे एकावर एक रचलेले, भिंती आजही ताठ. आरमाराच्या वैभवकाळातला हा कोट आज जिल्हा कारागृह आहे. जिल्हाधिकारी कार्यालय, न्यायालय, पोलीस मुख्यालय सगळे इथून चालत जाण्याच्या अंतरावर. दोन वर्षांचा सगळा अभ्यासक्रम अलिबागच्या या एका फेरीत सामावला आहे, इतकी ही ठिकाणे जवळजवळ आहेत. तरी आत अडकलेल्या माणसाला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचायला महिने लागतात.

तुरुंगातल्या भाषेत दोन शब्द आहेत, कच्चा कैदी आणि पक्का कैदी. शिक्षा झालेला तो पक्का, खटला चालू असलेला तो कच्चा. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती, त्यांतली ४,३४,३०२ कच्ची होती. चारांतले तीन. कायद्याच्या दृष्टीने ही माणसे निर्दोष आहेत, कारण त्यांच्यावरचा आरोप अजून सिद्ध व्हायचा आहे.

यांतले बरेच जण जामीन मिळूनही आत असतात. जामीन मंजूर होणे वेगळे आणि जामीनदार मिळणे वेगळे. जामीनदाराला सातबारा लागतो, पगारपत्रक लागते, कायमचा पत्ता लागतो. डोंगरावरच्या वाडीत राहणाऱ्या आणि अर्धे वर्ष भट्टीवर काढणाऱ्या माणसाजवळ यांतले काय असणार? १९७८ मध्ये मोती राम या मध्य प्रदेशातल्या गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याच्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला होता आणि भावाचा जामीन दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हा प्रकार गरिबाला जामीन नाकारण्याचाच आहे असे ठणकावले. त्याला आता जवळपास अर्धे शतक होत आले.

कायदे त्यानंतर सुधारले. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला, त्यामुळे कोठडीतल्या प्रत्येक माणसाला मोफत वकील मागण्याचा हक्क मिळाला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एकतृतीयांश काळ आत काढला, तर त्याची जामिनावर सुटका व्हायला हवी. इतरांसाठी ही मर्यादा निम्मी आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना मात्र हे लागू नाही. २०२३ मध्ये केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. जामिनासाठी आणि दंडासाठी मदत त्यातून मिळू शकते.

कलम आहे, योजना आहे, पैसाही आहे. पण कैद्याला त्याचा एकतृतीयांश काळ कधी पुरा झाला हे कोणी सांगायचे? त्याच्या घरी फोन कोणी करायचा? त्याचे आधार कार्ड वाडीतल्या पत्र्याच्या पेटीतून आणायचे कोणी? वकिलाला हे करायला वेळ नसतो, तुरुंगाच्या शिपायाचे हे काम नाही, आणि न्यायाधीशासमोर माणूस दोन मिनिटे उभा राहतो. या मधल्या रिकाम्या जागेत देवनारचे शिक्षण उभे आहे. संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून तुरुंगातल्या माणसांबरोबर आणि त्यांच्या कुटुंबांबरोबर काम करतो. त्याआधी १९८४ मध्ये संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. त्यात पोलीस ठाण्याच्याच आवारात प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसते. नवऱ्याच्या माराला कंटाळून आलेल्या बाईची गोष्ट आधी ती ऐकते. ही कल्पना पुढे राज्यभर पसरली.

विद्यार्थ्याचे दोन वर्षांतले खरे शिक्षण अशा ठिकाणी होते. आठवड्यातले काही दिवस वर्ग, उरलेले क्षेत्रकार्य. सुरुवातीला नुसते बसायचे आणि ऐकायचे. मग कैद्याच्या घरी जायचे. मग अहवाल लिहायचा. अहवालात ‘आरोपी बेजबाबदार वाटतो’ असे लिहिले की मार्गदर्शक लाल शाईने विचारतात, हे तुम्ही कशावरून ठरवले? पाहिलेले आणि ठरवलेले यांतला फरक करायला शिकणे, यात पहिले वर्ष जाते. तो फरक न करणाऱ्या ब्रिटिश सरकारने १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले होते, आणि १९५२ पर्यंत तो कलंक कायद्याच्या पुस्तकात राहिला.

महाराष्ट्राने याच्या उलट प्रयोगही केला आहे, आणि तो प्रत्येक विद्यार्थ्याने जाऊन पाहावा. औंध संस्थानात १९३९ च्या सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले गेले. पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन यांची ती कल्पना, आणि औंधच्या राजांनी तिला पाठबळ दिले. भिंत नसलेला तुरुंग. कैदी शेती करायचे, कुटुंबाला जवळ ठेवायचे. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ याच प्रयोगावरून सुचला. सांगली जिल्ह्यातली ही खुली वसाहत आजही आहे. भिंतीवाचून माणूस राहतो, हे तिने कधीच सिद्ध केले आहे.

किनारा हेच पाठ्यपुस्तक

पुस्तकातले प्रत्येक प्रकरण रायगडच्या मातीत सापडते. पेण तालुक्यातले गागोदे घ्या. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा इथे जन्मले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांसमोर त्यांनी गीतेवर प्रवचने दिली, साने गुरुजींनी ती टिपून घेतली. १९६० च्या मे महिन्यात चंबळच्या खोऱ्यात वीस दरोडेखोरांनी याच माणसासमोर बंदुका खाली ठेवल्या. गुन्हेगाराशी बोलता येते, हे ज्याने देशाला दाखवले तो आपल्या जिल्ह्याचा.

आणि त्याच गागोद्याच्या परिसरात, गागोदे खुर्दच्या रानात, मे २०१२ मध्ये एक जळालेला मृतदेह सापडला. नमुने मुंबईला गेले, पण खुनाचा गुन्हा तेव्हा दाखल झाला नाही. तीन वर्षांनी, २०१५ च्या ऑगस्टमध्ये, मुंबईत दुसऱ्याच धाग्यावरून या प्रकरणाला वाचा फुटली आणि साऱ्या देशाचे कॅमेरे त्या रानात पोहोचले. त्या तीन वर्षांत काय काय निसटले असेल? नव्या संहितेने सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक करायचे ठरवले आहे. पण सापडलेला मृतदेह हा गुन्ह्याचा असू शकतो हे पहिल्या दिवशी ओळखून नोंद करणारा माणूस लागतो, तेव्हा कुठे तज्ज्ञ येतो.

१८ ऑगस्ट २०२२ ची सकाळही वर्गात शिकवण्यासारखी आहे. हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर एक नौका वाहत आली आणि तिच्यात तीन एके-४७ रायफली सापडल्या. ज्या किनाऱ्याने १९९३ पाहिले, तिथे किती भीती दाटली असेल याची कल्पना करा. जिल्हाभर नाकाबंदी झाली. संध्याकाळपर्यंत उलगडा झाला. ‘लेडी हान’ नावाची ती नौका एका ऑस्ट्रेलियन महिलेची होती, मस्कतहून युरोपकडे निघाली होती, जूनमध्ये इंजिन बंद पडले, खलाशांना एका कोरियन जहाजाने वाचवले आणि रिकामी नौका प्रवाहाबरोबर इथवर आली. पहिल्या तासात अफवेला बळी न पडता पुरावा गोळा करणे, हे कौशल्य शिकवावे लागते. मांडवा, दिघी, मोरा इथल्या सागरी पोलीस ठाण्यांना ते हवे आहे आणि किनाऱ्यावरच्या पत्रकारांनाही.

आणखी मागे गेलात तर चिरनेर आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळच्या अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी हा आदिवासी तरुण होता. नंतर सत्याग्रहींवरच खटला भरला गेला आणि त्यांच्या बचावासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यायालयात उभे राहिले. आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असलेला माणूस नेहमी गुन्हेगारच असतो असे नाही, हे आगरी-कोळी-कातकऱ्यांच्या या किनाऱ्याला पुस्तकाआधी ठाऊक झाले होते.

शिकून पुढे काय

आईबापांचा खरा प्रश्न नोकरीचा आहे. त्याचे उत्तर फुगवून सांगणे अन्यायाचे होईल. या पदवीने मोठे पगार मिळत नाहीत. बऱ्याच जागा कंत्राटी आहेत, मुदतवाढीची वाट पाहावी लागते. पण कामाला तोटा नाही. जिल्हा बाल संरक्षण कक्ष, महिलांसाठीचे सखी केंद्र, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारी, परिवीक्षा अधिकारी, निरीक्षणगृहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि स्वयंसेवी संस्था या सर्वांना प्रशिक्षित माणसे लागतात. बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्याबरोबर दोन समाजकार्यकर्ते बसतात, त्यांतली एक तरी महिला असावी लागते. सात वर्षे मुलांमध्ये काम केलेल्याला त्या खुर्चीची वाट मोकळी होते. कोणी राज्य लोकसेवा आयोगाकडे वळते, कोणी वकिली करते, कोणी संशोधनासाठी परदेशी जाते.

या सगळ्यांत एक जागा मला फार महत्त्वाची वाटते. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने जिल्ह्याजिल्ह्यांत कच्च्या कैद्यांच्या प्रकरणांचा आढावा घेणाऱ्या समित्या नेमल्या गेल्या. जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव अशी मोठी माणसे तिथे बसतात. त्यांच्यासमोर येणारी यादी मात्र कोणीतरी तळाशी बसून तयार करते. कोणाचा एकतृतीयांश काळ पुरा झाला, कोणाला जामीनदार मिळत नाही, कोणाचा वकील येतच नाही. ती यादी नेमकी असेल तर माणसे सुटतात. ती घाईत उरकली तर माणसे आत राहतात. ती यादी जीव लावून करणारी एक मुलगी, एक मुलगा प्रत्येक जिल्ह्याला हवा आहे.

तो मुलगा म्हसळ्याचा असेल, ती मुलगी रेवदंड्याची असेल, तर आणखी बरे. तिला वाडीचा रस्ता ठाऊक असेल. भरतीच्या वेळी कोणत्या खाडीतून तर चालू असते, कोणत्या महिन्यात घरी कोणी भेटत नाही, कोणाला ‘नाखवा’ म्हणायचे आणि कोणाला ‘मामा’, हे तिला शिकवावे लागणार नाही. बाहेरून आलेल्या तज्ज्ञाला वर्षभर लागेल तिथे तिला आठवडा लागेल. शेखाडीच्या त्या रात्री किनाऱ्याला जाणणारी माणसे चुकीच्या बाजूला उभी होती. किनाऱ्याला जाणणारी माणसे न्यायाच्या बाजूला उभी करणे हे काम आपल्याच घरांतून होऊ शकते.

म्हणून हा अंक वाचणाऱ्या प्रत्येक घराला एक विनंती. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेले पोर घरात किंवा शेजारी असेल, तर फराळ संपायच्या आत त्याला हा विषय सांगा. सीयूईटी-पीजीचे अर्ज गेल्या काही वर्षांत दिवाळीनंतरच, डिसेंबर-जानेवारीत निघत आले आहेत, आणि परीक्षा मार्चमध्ये होत आली आहे. केंद्राच्या नमुन्यातल्या प्रमाणपत्रासाठी तहसीलला जायला उद्याचा दिवसही चालेल. पोरीने विचारले, तर तिला ‘पोलिसात जाणार का’ असे विचारू नका. हिराकोटाच्या भिंतीआड आज कितीजण तारखेची वाट पाहत आहेत, ते तिला सांगा.